नाहीदच्या खोलीचा आसमानी रंग

गडचांदूरला राहणाऱ्या माणसाने पांढऱ्या रंगाचा नाद सोडलेला बरा. सिमेंटची भुकटी आणि चुनखडीची धूळ अशी काही बसते की सकाळी दोरीवर टाकलेला सदरा संध्याकाळी आपलाच आहे का, असा प्रश्न पडतो. म्हणून नूर मोहम्मद गादीवाल्याला आपलं घर मळकट दिसायला लागलं तेव्हा त्यानं पहिला दोष धुळीला दिला. दुसरा दिला सईदाच्या जाण्याला. बायको गेली की घराचा उजेड जातो असं लोक बोलतातच, आणि याला तर तो गेलेला चक्क दिसत होता. तिसरंही काही कारण असू शकतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही आणि त्याला कोणी सांगितलंही नाही. सांगायला कोणी घरात तर यायला पाहिजे!

येणार कोण? आमच्याकडे घरात बाई असली की शेजारच्या बाया मागच्या दारानं खुशाल आत शिरतात, डब्यातली साखर स्वतःच्या हातानं काढून घेतात, चुलीवरच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात. ती बाई गेली की तेच घर एका दिवसात परकं होतं. बाया मागच्या दाराकडे फिरकत नाहीत, पुरुष ओट्यावर बसतात, चहा ओट्यावर येतो आणि गप्पाही ओट्यावरच संपतात. एकट्या पुरुषाच्या घरात कसं शिरायचं, असं प्रत्येकाला वाटतं. माणसं वाईट नसतात हो, पण रीतच मेली अशी, तिला काय करता!

शेजारचा बापूराव रोज यायचा. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, शेत असलेला, थट्टेखोर माणूस. पण तोही ओट्याच्या पुढे गेला नाही. त्याची बायको नीलाबाई, जी सईदाच्या स्वयंपाकघरात दिवसातून चारदा यायची, ती आता कुंपणाच्या पलीकडूनच विचारायची, "नूरभाऊ, जेवले का?" आणि नूर मोहम्मद म्हणायचा, "हो बाई, जेवलो." कधी जेवलेला असे, कधी नसे.

त्याचा बाप पिंजारी. खांद्यावर धुनकी टाकून पार गोंडपिपरीपर्यंत गावोगाव कापूस पिंजत फिरायचा. नूरनं मशीन घेतलं, बसस्टँडमागे दुकान टाकलं. कापसाची पारख बापाकडून आलेली, आणि तापटपणाही. सईदा गेल्यावरच्या हंगामात त्याला आलेला सगळा माल पिवळट दिसायला लागला. "मागच्या सालचा सडका कापूस माह्या गळ्यात बांधता काऊन?" म्हणून जिनिंगमधून माल आणणाऱ्या माणसावर तो असा बरसला की त्या भल्या माणसानं शेवटचं पोतं टाकलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. नूर मोहम्मदनं ते पोतं उघडून पाहिलं, थू केलं आणि घरी आणून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ढकलून दिलं. दुकान कधी उघडायचं, कधी नाही. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, "कापूसच चांगला येत नाई आता."

असं चाललं होतं, आणि एका दुपारी नाहीदचा फोन आला.

नाहीद त्याची एकुलती एक पोरगी. अहेरीला दिलेली. जावई जिशान चपलांचं दुकान चालवतो, आठवडी बाजारात पाल टाकतो. गडचांदूरहून अहेरी म्हणजे दोन बसगाड्या बदला, जंगलातले हादरे खा, तेव्हा कुठे पोचता. पोरगी वर्षातून एकदा आली तर आली. फोनवर ती आधी हसली, मग लाजली आणि मग म्हणाली, "अब्बू, तुमी नाना होनार."

फोन कानाशी धरून नूर मोहम्मद उठून उभाच राहिला. मग तो एकदम म्हणाला, "बाळंतपण इथी. पहिलं बाळंतपण मायक्यालेच असते."

"अम्मी नाई न अब्बू आता," ती म्हणाली. "सासू म्हणते, तिथी कोण पाहीन तुले?"

"मी पाहीन! नीलाबाई आहे बाजूले. दवाखाना आहे. तू ये फक्त."

ती म्हणाली, "येतो. पण ते घर जरा चांगलं करा अब्बू. मागच्या ईदले आली होती तर असं वाटे का कोणी राहतच नाई तिथी."

तेवढंच ती बोलली, पण हे वाक्य म्हाताऱ्याच्या काळजात रुतून बसलं. घरात कोणी राहतच नाही! अरे, मी राहतो ना, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यालाही तसंच वाटत होतं.

नाहीदनं मग त्याच्या फोनवर एका बाईचे व्हिडिओ पाठवले. घरातल्या रंगांचा मनावर काय परिणाम होतो, ते ती बाई सांगायची. आवाज गोड, सांगणं ठाम. बैठकीत लिंबासारखा पिवळा लावा, माणसं खुलतात, बोलती होतात. स्वयंपाकघरात नारिंगी, भूक लागते. झोपायच्या खोलीत आसमानी, मन शांत होतं, बाळंतिणीला तर याहून चांगला रंग नाही. भिंती उदास असतील तर माणूस उदास होतो. घरात ऊर्जा रंगातून येते. नूर मोहम्मदला फोनच्या काचेवर धूसर काहीतरी हलताना दिसायचं, तो रेडिओ ऐकावा तसं ते ऐकायचा. पुन्हा पुन्हा ऐकायचा. खोटं कशाला सांगू, त्यात रंगांपेक्षा घरात बाईमाणसाचा आवाज घुमतो याचंच सुख जास्त होतं. पण त्या बाईचं त्याला पटलं मात्र मनापासून. माणसं येत नाहीत याचं कारण भिंती आहेत, पोरगी यायला कचरते याचं कारण भिंती आहेत. भिंतीचं काय, भिंत रंगवता येते!

त्यानं घरभर हात फिरवून पाहिला. दर रमजानच्या आधी सईदा घराला चुना मारायची, त्यात नीळ टाकायची. नीळ किती टाकायची ते तिचं तिलाच ठाऊक. आतल्या खोलीत अजून तिनं शेवटचा मारलेला चुना होता. नूर मोहम्मदनं त्या भिंतीला नाक लावून पाहिलं. राखेसारखी दिसली. मेलेली भिंत. "या खोलीत माही पोरगी बाळंत होणार?" तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याला रडूच आलं.

रंगाच्या दुकानात सुनिलनं मशीनवर नंबर टाकून डबे बनवून दिले. लिंबू, नारिंगी, आसमानी. पेंटर लावायची गोष्टच नको. आपल्या पोरीची खोली आपण रंगवणार, म्हणून यानं स्वतःच ब्रश घेतला. पहिला हात मारला, वाळू दिला, पाहिलं, आणि डोकं सणकलं. पिवळा कुठे आहे? पाणी आहे नुसतं! आसमानीची तर राखच झालेली. डबा उचलून तो तडक दुकानात.

"काय रे सुनिल, बुढ्ढ्याले फसवतं काय? याले आसमानी म्हणते?"

सुनिलनं डब्यात डोकावून पाहिलं. "चाचा, हाच नंबर आहे. अजून गडद पाहिजे तर स्टेनर घ्या, आपल्या हिशोबानं टाका." स्टेनर म्हणजे रंग गडद करायच्या बाटल्या, त्यातले चार थेंब डबाभर रंगाला पुरतात. नूर मोहम्मदनं पिशवी भरून बाटल्या घेतल्या. सुनिलला वाटलं, दरवाजे रंगवत असेल. त्यानं विचारलं नाही. गिऱ्हाईक काय रंगवतं, कोण विचारतो?

मग सुरू झालं ते. बाटली उलटी करायची, काठीनं ढवळायचं, भिंतीला हात मारायचा, मागे सरकून पाहायचं. लिंबू त्यानं जन्मभर पाहिलेला, आभाळ जन्मभर पाहिलेलं. आठवणीतल्या रंगाशी भिंतीतला रंग जुळेपर्यंत तो ओतत राहिला. दिवसचे दिवस गेले. कंबर मोडली, बोटं रंगली, पण गडी थांबला नाही. शेवटी एका सकाळी बैठक त्याला लिंबासारखी दिसली आणि आतली खोली आसमानी. त्यानं नमाज पढून अल्लाचे आभार मानले आणि खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसला. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं. आता येईल माझी पोर, त्याला वाटलं.

ओट्यावर बसलेल्या बापूरावला पडद्याच्या फटीतून एक पिवळी पट्टी दिसली तेवढीच. "नूरभाऊ," तो म्हणाला, "पऱ्हाटीत किडे पकडाले पिवळे कागद लावतो न आमी, तसं केलं का घरात? पाहुणे चिकटाले?"

"हास, हास," नूर मोहम्मद म्हणाला. "माही पोरगी आली का मंग पाहजो." आणि तोही हसला. बापूराव चहा पिऊन निघून गेला. दोन पावलं पुढे येऊन पडदा बाजूला सारला असता तर सगळं तिथेच निस्तरलं असतं.

नाहीदला फोनवर घर दाखवायचं त्यानं ठरवलं. फोन धरला उलटा, नेटवर्क आलं-गेलं, पोरीला दिसला पंखा आणि अब्बूचं नाक. "तिथीच येऊन पाहतो मी," ती हसून म्हणाली.

आणि खरंच आली. चंद्रपूरला तपासणी होती, तिथून परतताना वाट वाकडी करून ती आणि जिशान उतरले. नूर मोहम्मदनं सकाळपासून नवा कुर्ता घातलेला, दाढीला मेंदी लावलेली. पोरगी बसस्टँडवरून चालत येताना पाहिली आणि तो चप्पल न घालता रस्त्यापर्यंत धावला. सातवा महिना, चेहरा सुजलेला, पण हुबेहूब सईदा. त्यानं तिचा हात धरून बैठकीत आणलं. मग स्वयंपाकघर दाखवलं. मग आतल्या खोलीचं दार मोठ्या थाटात उघडलं.

"ही तुही खोली. आसमानी! मन शांत राहते."

नाहीद उंबऱ्यात उभी राहिली. एक हात पोटावर, एक चौकटीवर. आत गेली नाही. जिशान काहीतरी बोलायला गेला, तिनं त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प बसला. मग ती वळली आणि बापाच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. बाप लहान पोरासारखा हसत होता.

"छान आहे अब्बू," ती म्हणाली. "खूप छान केलं तुमी."

चहा त्यांनी ओट्यावरच घेतला. आत गरम होतं म्हणाली. दुपारच्या बसनं गेलीसुद्धा.

आठवडाभरानं फोन आला. सासूबाईंची इच्छा आहे, बाळंतपण अहेरीलाच करू. तिथला दवाखाना जवळ आहे. तुम्ही नाराज नका होऊ अब्बू. नूर मोहम्मद म्हणाला, "नाई बेटा, नाराज काऊन होईन? तब्येत संभाळ." फोन ठेवला आणि त्या खोलीत जाऊन बसला. इतकं रंगवून काय झालं? आई नाही त्या घरात लेक कशाला येईल? बाप म्हणजे काय, नुसता माणूस. दोन दिवस त्यानं चूल पेटवली नाही. नीलाबाईनं कुंपणापलीकडून विचारलं तेव्हा म्हणाला, "जेवलो बाई."

तरी आजोबा होणार होताच. बाळासाठी छोटी गादी आपल्या हातानं शिवायची, असं त्यानं ठरवलं. ओट्यावर बसून दाभणात दोरा ओवायला गेला, तर सकाळची दुपार झाली, दोरा काही जाईना. बापूराव शेजारी बसून पाहत होता. आधी हसला, मग हसायचा थांबला.

"नूरभाऊ, तुमाले दिसत नाई काय?"

"दिसते ना बे! धूळ किती आहे ती पाह्य."

"दाभणाचं नाक एवढं मोठं आहे का त्यातून माहा बैल जाईन," बापूराव म्हणाला. "चला उठा. नगरपरिषदेजवळ डोळ्याचं शिबिर लागलं आहे."

ओढतच नेलं त्याला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, इतके दिवस काय करत होता? आधी उजवा डोळा करू, डावा पुढच्या खेपेला. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. बापूराव सोबत होता. नाहीदला कळवायचं नाही, नववा महिना लागला आहे, अशी नूर मोहम्मदनं त्याला शपथ घातली.

पट्टी सुटल्यावर काळा चष्मा लावून तो बापूरावच्या मोटारसायकलवर मागे बसला. राजुऱ्याच्या पुढे एका ठिकाणी बापूराव पाणी प्यायला थांबला तेव्हा यानं चष्मा थोडा वर करून आभाळाकडे पाहिलं. आसमानी होतं. हलकं, धुतलेलं, जसं लहानपणी होतं तसं. "बापूराव, आभाळ असंच असते का रोज?" त्यानं विचारलं. बापूरावला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे.

घरी पोचवून बापूराव ओट्यावरूनच गेला. नूर मोहम्मद आत शिरला, चष्मा काढला.

या अल्ला! बैठक अंगावर धावून आली. लिंबू कुठला, हळदीच्या पोत्यात तोंड खुपसल्यासारखं झालं. स्वयंपाकघर तर पेटलं होतं नुसतं. त्यानं आतल्या खोलीचं दार लोटलं आणि तो उंबऱ्यातच थांबला, जिथे त्याची पोरगी थांबली होती.

खोली काळी होती. निळी म्हणायची ती एवढ्यासाठी की खिडकीजवळ जरा निळसर झाक दिसत होती. बाकी सगळी विहिरीच्या तळासारखी. त्यानं उजवा डोळा झाकून डाव्यानं पाहिलं. आसमानी. डावा झाकून उजव्यानं पाहिलं. काळोख. डाव्यानं आसमानी, उजव्यानं काळोख. असं तो किती वेळ करत राहिला कोण जाणे. मग कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड सोडून त्यानं मूठभर कापूस बाहेर काढला. पांढराशुभ्र. पहिल्या वेचणीचा असावा असा. आणि त्या भल्या माणसाला आपण काय काय बोललो होतो!

पण त्याहून वाईट काय वाटलं सांगू? या घरात तो या भिंतींबरोबर महिनोन् महिने राहिला, आणि "अरे, हे काय करून ठेवलं?" असं म्हणायला एक माणूस आत आला नव्हता. आली ती पोटची पोर, तर तीही खोटं बोलून गेली.

त्यानं फोन लावला.

"नाहीद, खरं सांग. बाळंतपणाले इथी येऊ नको, असं सासूनं म्हटलं होतं?"

ती म्हणाली, "नाई अब्बू. मीच म्हटलं. त्या खोलीत मले भेव वाटलं. कबरीत उतरल्यासारखं वाटलं."

"मंग तवाच सांगितलं काऊन नाई?"

"तुमी किती खुश होते!" तिचा आवाज फाटला. "अम्मी गेल्यावर पहिल्यांदा तुमाले हासताना पाह्यलं. मले वाटलं तुमाले तो रंग आवडते. आता एवढ्यानं तुमचं मन रमते तर मी कायले मोडू?"

नूर मोहम्मद मटकन पोत्यावर बसला. "अवं पागल," तो म्हणाला, "मी रंगानं खुश नोतो. तू आली होती न."

दोघंही रडले. जिशाननं मागून विचारलेलं ऐकू आलं, काय झालं, कळा येऊन राहिल्या का? मग त्यानं डोळ्याचं सगळं सांगितलं, ती रागावली, पुन्हा रडली. पण आता काय उपयोग? दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. बाळ अहेरीलाच जन्मणार होतं, नानाला त्याच्या कानात फोनवरूनच अजान द्यायची होती. "चाळीस दिवस झाले का येतो मी," ती म्हणाली. "चिल्ला झाला का पहिले तिथीच. पण ती खोली..."

"खोलीचं मी पाहतो," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी जड कामाला परवानगी दिल्यावर, डोळ्यावर चष्मा आणि तोंडाला गमछा बांधून, तो खरवडायला बसला. एकटाच. लोखंडी पट्टीनं रंगाचे पापुद्रे निघत होते, पायाशी काळ्या-निळ्या भुकटीचा ढीग साचत होता. खिडकीखालची हातभर जागा मोकळी झाली आणि त्याचा हात थांबला. रंगाच्या खाली सईदाचा चुना होता. तिनं शेवटच्या रमजानला मारलेला, तिच्या अंदाजाची नीळ टाकलेला. त्यानं चष्मा सारखा केला, डावा डोळा झाकला. राख नव्हतीच ती कधी. राजुऱ्याच्या रस्त्यावर दिसलेलं आभाळ होतं ते, तंतोतंत तेच.

ती बाई व्हिडिओत सांगत होती तो रंग आधीपासून भिंतीवर होता. आपणच आपल्या हातानं तो पुसला होता. त्यानं कपाळ त्या भिंतीला टेकवलं आणि "सईदा, दिसत नोतं गं मले," असं म्हणून मोठ्यानं रडला. ऐकायला घरात कोणी नव्हतं, म्हणून आवाज दाबायचंही कारण नव्हतं.

पण होतं कोणीतरी. कुंपणापलीकडे नीलाबाईचा हात भांडी घासता घासता थांबला. ती उठली, मागच्या दाराशी आली आणि तिथेच अडखळली. सवयीनं पाय पुढे आलेला, रीतीनं मागे घेतलेला.

"नूरभाऊ? काय झालं?"

त्यानं तोंड पुसलं. "काई नाई बाई. चुन्यात नीळ किती टाकत होती ती, तुमाले मालूम आहे का?"

"मालूम आहे न. मीच ढवळून देत होती तिले."

"मंग या, दाखवा. बाहेरून कसं सांगाल? घरात बाई नाई तर काय झालं, भिंत तर तिचीच आहे."

नीलाबाई आत आली. पदर खोचत स्वयंपाकघर ओलांडलं, नारिंगीकडे पाहून काही बोलली नाही. आतल्या खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि चारी बाजूंनी पाहू लागली. चारी भिंती अजून काळ्याच होत्या. खिडकीखाली तेवढा आसमानी तुकडा. आणि त्याच्यासमोर, दाढीपर्यंत भुकटीनं माखलेला म्हातारा.

"बाप्पा," ती हळूच म्हणाली. "अशा खोलीत राहत होते तुमी इतके दिवस?"

"दिसतच नोतं बाई, डोळे खराब होते."

नीलाबाईनं खाली वाकून दुसरी पट्टी उचलली. पदरानं तिच्यावरची भुकटी पुसली.

"तुमाले नोतं दिसत," ती म्हणाली. "आमाले तर दिसत होतं न भाऊ. आमीच पाहाले आलो नाई."

मग ती भिंतीजवळ बसली आणि खरवडायला लागली.